आधी ऊब, मग उजेड

विश्वातल्या पहिल्यावहिल्या वायूचं रूप कुणी पालटलं, ताऱ्यांनी की कृष्णविवरांनी, या प्रश्नावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. माझी थोरली बहीण रसायनशास्त्राची निवृत्त प्राध्यापक. तिचा कौल ताऱ्यांना. माझी मुलगी मुक्ता पुण्यात खगोलभौतिकीत पीएच.डी. करते, तिचा जीव कृष्णविवरांवर. दिवाळीत या आत्या-भाची एकत्र आल्या की फराळ करता करता हा विषय निघतोच. यंदा वाद नेहमीच्या जागी अडला नाही, पुढे सरकला. म्हणून तो लिहून काढला.

आधी थोडी पार्श्वभूमी. महास्फोटानंतर साधारण ३ लाख ८० हजार वर्षांनी विश्व इतकं निवलं की मोकळे इलेक्ट्रॉन आणि अणुकेंद्रं जोडली गेली आणि उदासीन अणू तयार झाले. वजनाने जवळजवळ तीन चतुर्थांश हायड्रोजन, उरलेला बहुतेक सगळा हीलियम. पुढची कित्येक कोटी वर्षं तारा नाही, काही नाही. आज मात्र दीर्घिकांच्या मधल्या पोकळीतला जवळपास सगळा हायड्रोजन आयनित आहे, म्हणजे त्याचे इलेक्ट्रॉन पुन्हा सुटलेले आहेत. हा बदल महास्फोटानंतर सुमारे १ अब्ज वर्षांत पुरा झाला. वाद आहे तो या बदलाच्या श्रेयाचा.

आत्या : हिशोब करू या, मग बोलू. हायड्रोजनच्या एका अणूतला इलेक्ट्रॉन सोडवायला १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. विश्वात अणू किती आहेत हे ठाऊक आहे, म्हणजे अतिनील फोटॉन किती हवेत तेही ठाऊक आहे. तेवढे फोटॉन होते कुणाकडे? छोट्या, तरुण दीर्घिकांमधल्या अवजड ताऱ्यांकडे. २०२४ साली हाकिम आतेक यांच्या गटाने जेम्स वेब दुर्बिणीतून अबेल २७४४ या दीर्घिकासमूहाच्या मागे दडलेल्या ८ अतिशय अंधुक दीर्घिकांचे वर्णपट घेतले. तोवर जे गृहीत धरलं जायचं त्याच्या जवळजवळ चौपट आयनकारी प्रकाश त्या तयार करत होत्या. आणि असल्या बारक्या दीर्घिका तेव्हा उदंड होत्या. हिशोब लागला की. तुझी कृष्णविवरं हवीत कशाला?

मुक्ता : तयार झालेला प्रकाश दीर्घिकेबाहेर पडतो का, हे तू बघितलंच नाहीस. ताऱ्याभोवतीचाच वायू तो गिळून टाकतो.

आत्या : सगळा नाही गिळत. तुमच्या पुण्यातल्याच आयुका संस्थेचे कनक साहा आणि त्यांचे सहकारी यांनी २०२० मध्ये ॲस्ट्रोसॅट उपग्रहाच्या अतिनील दुर्बिणीतून एक दीर्घिका पकडली, ९.३ अब्ज प्रकाशवर्षांवरची. तिच्यातून आयनकारी प्रकाश बाहेर निसटताना दिसला. एकीतून निसटतो तर बाकीच्यांतूनही निसटू शकतो.

मुक्ता : ती फार नंतरच्या काळातली. पण ठीक, तत्त्व म्हणून मान्य. आता माझी बाजू ऐक. ताऱ्यात हायड्रोजनचा हीलियम होतो तेव्हा वस्तुमानातला फक्त ०.७ टक्का ऊर्जेत बदलतो. कृष्णविवरात पडणारा वायू आधी त्याच्याभोवतीच्या तबकडीत फिरतो, घासला जातो, तापतो, आणि साधारण १० टक्के ऊर्जा देऊन जातो. तेवढ्याच वायूतून दहा-पंधरा पट जास्त ऊर्जा.

आत्या : दर चांगला आहे, पण माल किती होता? टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले गिरीश कुलकर्णी, त्यांच्याबरोबर वोरसेक आणि हेनावी, यांनी २०१९ मध्ये त्या काळापर्यंतच्या क्वेसारांची, म्हणजे वायू गिळत प्रखर तळपणाऱ्या अजस्र कृष्णविवरांची, शिरगणती केली. निष्कर्ष असा की हायड्रोजनच्या आयनीभवनात क्वेसारांचा वाटा अगदीच किरकोळ. त्याआधी २०१५ मध्ये मादाउ आणि हार्ट यांनी विचारलं होतं की सगळं काम क्वेसारांनीच केलं असेल का. तो विचार या शिरगणतीपुढे टिकला नाही.

मुक्ता : आणि वेब दुर्बिणीने तो परत जिवंत केला! तिला आरंभीच्या विश्वात ते लहान लाल ठिपके सापडले, किती तरी. बऱ्याच जणांच्या मते त्यात वाढणारी कृष्णविवरं आहेत. मादाउ यांनी २०२४ मध्ये तोच प्रश्न पुन्हा विचारला.

आत्या : त्या ठिपक्यांबद्दल तूच मागे मला सांगितलंस. चंद्रा दुर्बिणीने दीर्घ काळ टक लावून पाहिलं तरी त्यातले बहुतेक क्ष-किरणांत दिसतच नाहीत. अतिनीलमध्येही फिके. भोवती इतक्या दाट वायूचं वेष्टन की आतला आयनकारी प्रकाश आतच मुरतो. जो प्रकाश घराबाहेर पडत नाही तो विश्वाचा वायू काय बदलणार?

इथे वाद संपायला हरकत नव्हती. आत्याची बाजू भक्कम होती आणि आजही आहे. आयनीभवनाचा मोठा भार ताऱ्यांनी उचलला, याबद्दल या क्षेत्रात बहुतेकांचं एकमत आहे. पण मुक्ताने प्रश्नच बदलला, आणि तो तिने योग्य जागी बदलला असं माझं मत आहे.

मुक्ता : चल, आयनीभवन ताऱ्यांचं. दिलं तुला. पण आत्या, वायूच्या आयुष्यात दोन घटना घडल्या. इलेक्ट्रॉन सुटले ही दुसरी. पहिली म्हणजे वायू तापला. ती कुणी घडवली?

आत्या : तापणं आणि आयनित होणं एकाच वेळी होतं. ताऱ्याच्या अतिनील प्रकाशाने आयनित झालेला वायू १० हजार केल्विनच्या आसपास जातो.

मुक्ता : जिथे तो प्रकाश पोहोचतो तिथे. पण पोहोचतो किती? उन्हाळ्यात भेगाळलेल्या जमिनीवर पहिला पाऊस पडतो तेव्हा वरची वीतभर माती सगळं पाणी पिऊन टाकते. ती भिजून तृप्त झाल्याशिवाय थेंबही पुढे वाहत नाही. अतिनील प्रकाशाचं तसंच. समोरचा उदासीन हायड्रोजन त्याला गिळतो. तो थर आयनित झाला की मगच पुढच्या थराची पाळी. म्हणून दीर्घिकेभोवती आयनित वायूचा एक बुडबुडा होतो, त्याला स्पष्ट कड असते, आणि कडेच्या पलीकडे वायू पूर्वी होता तसाच. गार.

आत्या : किती गार?

मुक्ता : महास्फोटानंतर साधारण २२ कोटी वर्षांचा काळ धर. विश्वाच्या पार्श्वप्रारणाचं, म्हणजे महास्फोटातून उरलेल्या सर्वत्र पसरलेल्या प्रारणाचं, तापमान तेव्हा सुमारे ४९ केल्विन. वायूला कुणीच तापवलं नसेल तर तो विश्वाच्या प्रसरणाने निवत निवत जेमतेम ७ केल्विनला आलेला. भोवतालच्या प्रारणापेक्षाही थंड. आता तुझाच हिशोब लाव. या अणूला ७ वरून ५० केल्विनपर्यंत न्यायला किती ऊर्जा लागेल?

आत्या : तीन द्वितीयांश गुणिले बोल्ट्झमनचा स्थिरांक गुणिले तापमान... ५० केल्विनला सगळी मिळून ०.००६५ इलेक्ट्रॉन व्होल्ट.

मुक्ता : आणि आयनित करायला?

आत्या : १३.६.

मुक्ता : दोन हजार पट! आयनीभवनाच्या हिशोबात ज्याचा वाटा हजारात एक, म्हणजे धरतही नाहीत असा, तोसुद्धा सगळ्या विश्वाचा वायू पार्श्वप्रारणापेक्षा गरम करू शकतो. अट एकच. त्याची ऊर्जा लांबवर पोहोचली पाहिजे.

आत्या हात पुसून वही ओढून घेते आणि आकडा पुन्हा ताडून पाहते. मला हा क्षण या सगळ्या विषयाचा गाभा वाटतो. पहिल्या प्रकाशावर मराठीत जे थोडंफार लिहून येतं, त्यात विश्व "उजळलं" कुणी एवढंच असतं. तापलं कुणी, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचा हिशोबही वेगळा आहे, हे फारसं कुणी सांगत नाही.

आत्या : म्हणजे तू क्ष-किरणांकडे येणार.

मुक्ता : आलेच. फोटॉनची ऊर्जा दहापट वाढली की हायड्रोजनने त्याला अडवण्याची शक्यता साधारण हजारपट घटते. म्हणून क्ष-किरण बुडबुड्याच्या कडेला अडत नाहीत, पुढे कोट्यवधी प्रकाशवर्षं जातात आणि कुठे तरी एखाद्या अणूवर आदळतात. त्यातून सुटलेला इलेक्ट्रॉन भरधाव असतो. तो वाटेतल्या अणूंना धडका देत जातो. वायू उदासीन असेल तर त्याच्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा उष्णतेत, तिसरा नवे इलेक्ट्रॉन सोडवण्यात, आणि तिसरा अणू उत्तेजित करण्यात जातो. पण थोडेफार मोकळे इलेक्ट्रॉन झाले की बहुतेक ऊर्जा उष्णतेतच जिरते. म्हणून क्ष-किरण वायू पुरता आयनित करत नाहीत. तापवतात मात्र सगळीकडे, आणि बऱ्यापैकी सारखं.

आत्या : पण हे क्ष-किरण कुणाचे? तुझ्या अजस्र क्वेसारांचे नव्हेत. २२ कोटी वर्षांच्या विश्वात ते कुठले?

मुक्ता : छोट्यांचे. अवजड तारा मरतो, मागे कृष्णविवर राहतं, आणि त्याचा जोडीदार तारा अजून जिवंत असतो. जोडीदाराचा वायू कृष्णविवराकडे ओढला जातो. आपल्याच दीर्घिकेतलं हंस एक्स-१ बघ. सूर्याच्या २१ पट वस्तुमानाचं कृष्णविवर आणि शेजारी निळा महाकाय तारा. फेलिक्स मिराबेल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हेच मांडलं की पहाटेच्या विश्वात अशा जोड्या भरपूर असणार. तेव्हाच्या वायूत जड मूलद्रव्यं नव्हती. अशा ताऱ्यांचे वारे दुबळे असतात, मरेपर्यंत ते फारसं वस्तुमान गमावत नाहीत, आणि मागे मोठी कृष्णविवरं उरतात.

आत्या : अशा जोड्यांत नुसती कृष्णविवरं नसतात. न्यूट्रॉन तारेही क्ष-किरण देतात.

मुक्ता : देतात. सगळं श्रेय कृष्णविवरांचं असं मी म्हणत नाही, मोठं श्रेय त्यांचं म्हणते.

आत्या : आणि दुसरं. तुझं हे कृष्णविवर ताऱ्याच्याच पोटी आलेलं. मग श्रेय फिरून माझ्याकडेच आलं की!

मुक्ता : फक्त ताऱ्याने ते जिवंतपणी नाही मिळवलं.

पुढचा भाग आत्याचा. तिच्या विषयाशी गाठ पडल्यावर तिने कृष्णविवरांच्या पक्षाला असं काही हाती दिलं की जे मुक्ताच्या बोलण्यात आलंच नसतं.

आत्या : तू म्हणालीस की क्ष-किरणांनी थोडेफार इलेक्ट्रॉन मोकळे होतात. हे तू घाईत बोलून गेलीस, मला तिथेच थांबायचंय. हायड्रोजनचे दोन अणू समोरासमोर आले म्हणजे रेणू होईल असं वाटतं. होत नाही. जुळताना जी ऊर्जा सुटते ती बाहेर टाकायला त्यांच्याकडे वाटच नसते, म्हणून ते आपटतात आणि परत दूर जातात. पृथ्वीवर धुळीच्या कणाचा पृष्ठभाग किंवा तिसरा अणू मदतीला येतो. पहिल्या वायूत धूळ नाही आणि तो इतका विरळ की तिसरा अणू भेटत नाही. मदतीला येतो मोकळा इलेक्ट्रॉन. एक अणू तो इलेक्ट्रॉन धरून ऋण आयन होतो. हा ऋण आयन दुसऱ्या अणूला भेटला की रेणू तयार, आणि इलेक्ट्रॉन पुन्हा मोकळा, पुढच्या जोडीसाठी.

मुक्ता : म्हणजे उत्प्रेरक.

आत्या : अगदी शुद्ध उत्प्रेरक. आणि या रेणूवाचून पहिल्या वायूचं पान हलत नाही. दुसरं काही थंड करणारं तिथे नाहीच. अणुरूप हायड्रोजन ८ हजार केल्विनच्या आसपास निवायचा थांबतो. त्याखाली ढग नेऊन तारा घडवायचा तर रेणूच हवेत. तेव्हा कृष्णविवराचे क्ष-किरण ढगाच्या दाट गाभ्यात शिरून इलेक्ट्रॉन सोडवत असतील, तर ते रेणू वाढवतात, गाभा थंड करतात आणि ताऱ्यांच्या जन्माला हातभार लावतात. तापवणारं कृष्णविवर आणि थंड करणारंही तेच!

मुक्ता : बाहेरचा विरळ वायू मात्र तापतो. तापलेला वायू फुगतो, छोट्या गुरुत्वखड्ड्यात उतरत नाही. त्यामुळे बारीक दीर्घिकांची उपासमार होते.

आत्या : दोन्ही खरं. दाट जागी एक, विरळ जागी दुसरं. आता माझ्या ताऱ्यांचंही ऐक. ११.२ ते १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या मधला त्यांचा प्रकाश हायड्रोजन आयनित करू शकत नाही, म्हणून अडवला जात नाही, दूरवर जातो आणि नेमके हेच रेणू फोडतो. शेजारच्या ढगातले सगळे रेणू फुटले तर तो ढग थंड होऊ शकत नाही, तुकडे पडू शकत नाहीत, तारे होत नाहीत.

मुक्ता : आणि मग तो अख्खाच्या अख्खा कोसळतो! सूर्याच्या दहा हजार ते लाखपट वस्तुमानाचं कृष्णविवर थेट ढगातूनच. येल विद्यापीठातल्या प्रियंवदा नटराजन वर्षानुवर्षं हे मांडत आल्या. २०२३ मध्ये वेब आणि चंद्रा या दोन्ही दुर्बिणींनी मिळून यूएचझेड-१ ही दीर्घिका दाखवली, महास्फोटानंतर ४७ कोटी वर्षांची. तिच्यातलं कृष्णविवर तिच्या सगळ्या ताऱ्यांच्या वस्तुमानाशी बरोबरी करतं. आपल्याजवळच्या दीर्घिकांत हे प्रमाण हजारात एकाच्या आसपास असतं. असं बीज जन्मतःच भारी असावं, असा नटराजन यांच्या गटाचा कयास.

आत्या : म्हणजे कृष्णविवराच्या क्ष-किरणांनी तारे घडतात आणि ताऱ्यांच्या प्रकाशाने कृष्णविवरं. आपण दोघी कशावर भांडतोय?

मुक्ता : कुणाचा हात कुठे लागला यावर.

मोठ्या कृष्णविवरांबद्दल मुक्ता फार बोलली नाही, आणि ते बरोबरच होतं. यूलास जे११२०+०६४१ हा क्वेसार २०११ मध्ये सापडला. विश्व ७५ कोटी वर्षांचं असताना त्याचं कृष्णविवर सूर्याच्या सुमारे २ अब्जपट. त्याने आपल्या भोवती साठेक लाख प्रकाशवर्षांपर्यंतचा वायू आयनित करून टाकला होता. एवढा मोठा एकेकट्याचा पराक्रम, पण असे क्वेसार इतके तुरळक की विश्वाच्या एकंदर हिशोबात त्यांची नोंद शेवटच्या पानावर. शिवाय १०० सूर्यांच्या बीजापासून तिथवर यायला अखंड कमाल वेगाने वायू गिळला तरी सत्तर-ऐंशी कोटी वर्षं लागतात. आणि अखंड गिळता येत नाही, कारण कृष्णविवराचा स्वतःचाच प्रकाश समोरचा घास तापवून लांब ढकलतो.

आत्या : बरं, ऊब क्ष-किरणांची. पुरावा?

मुक्ता : उदासीन हायड्रोजनची २१ सेंटिमीटर तरंगलांबीची रेघ. मूळ वारंवारता १४२० मेगाहर्ट्झ. वायू पार्श्वप्रारणापेक्षा थंड असेल तर ही रेघ तो शोषतो, गरम असेल तर सोडतो. म्हणजे ही रेघ आपल्याला वायूचं तापमान थेट सांगते. २०१८ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एजेस प्रयोगाने ७८ मेगाहर्ट्झला खोल शोषण दिसल्याचं जाहीर केलं. इतकं खोल की वायू कुणाच्याही अंदाजापेक्षा थंड निघत होता.

आत्या : मग तुझी ऊब गेली की!

मुक्ता : बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेने सारस-३ हा ॲन्टेना कर्नाटकातल्या तळ्यावर आणि शरावतीच्या फुगवट्यावर तराफ्यावरून तरंगता ठेवला. जमिनीवर ठेवला तर खालचे खडक-मातीचे थर घोळ घालतात, पाणी एकसारखं असतं. २०२२ मध्ये त्यांनी सांगितलं की एजेसने दाखवलेल्या आकाराचं शोषण आकाशात नाही, ९५.३ टक्के खात्रीने. पाठोपाठ दक्षिण आफ्रिकेतल्या कारू भागातल्या हेरा दुर्बिणीचे निष्कर्ष आले. तिला रेघ दिसली नाही, पण न दिसण्यातूनच कळलं की आयनीभवन पुरं होण्याच्या कितीतरी आधी वायू तापलेला होता. नाही तर संकेत इतका जोरकस असता की तो तिच्या नजरेतून सुटला नसता. आणि ही ऊब जमायची तर त्या दीर्घिका आजच्यांपेक्षा क्ष-किरणांत जास्त तेजस्वी असायला हव्यात. जड मूलद्रव्यं नसलेल्या ताऱ्यांच्या जोड्यांकडून हीच अपेक्षा आहे.

आत्या : कृष्णविवर थेट दिसलं नाही.

मुक्ता : नाही. वायू तापलेला होता एवढं कळलं. तापवणाऱ्याचा अंदाज बांधला.

आत्या : आणि आपली जीएमआरटी रेडिओ दुर्बीण?

मुक्ता : हेराच्या आधी तीच. पुणे जिल्ह्यात खोडदला असलेल्या तिच्या ४५ मीटरच्या ३० तबकड्यांनी १५० मेगाहर्ट्झजवळ हा संकेत शोधला. आजूबाजूच्या विजेच्या तारांमधून निघणारा रेडिओ गोंगाट हुडकून काढावा लागला. संकेत सापडला नाही, पण तो अमुक पातळीपेक्षा जास्त असू शकत नाही ही मर्यादा २०११ आणि २०१३ च्या निष्कर्षांनी घातली. खरी अडचण पुढेच आहे. पहाटेच्या विश्वाचा संकेत प्रसरणाने ताणला जाऊन आज ज्या वारंवारतेला येतो, त्यातला मोठा पट्टा म्हणजे आपले एफएम रेडिओचे ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ.

आत्या : माझं मत लिहून घे. उजेड ताऱ्यांचा. ऊब कृष्णविवरांची असावी, पण "असावी" एवढंच. पुरावा आला की तो शब्द खोडेन.

मला हा निवाडा पटतो. तो शब्द खोडण्याचं काम आता एसकेए ही प्रचंड रेडिओ दुर्बीण करू शकेल. तिची कमी वारंवारतेची शाखा पश्चिम ऑस्ट्रेलियात उभी राहते आहे, १ लाख ३१ हजार ७२ ॲन्टेनांची, ५० ते ३५० मेगाहर्ट्झ ऐकणारी. भारत या प्रकल्पात भागीदार आहे, सरकारने १,२५० कोटी रुपये मंजूर केले आहेत, आणि आपल्या बाजूचं काम पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलभौतिकी केंद्राच्या पुढाकाराने चाललं आहे. पैसा आपल्या करांचा आहे, तेव्हा उत्तर मागायला संकोच नको. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास, राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त, खोडदची दुर्बीण सगळ्यांना पाहायला खुली असते. मुलांना घेऊन जा, मोबाइल बंद ठेवा, आणि तिथल्या संशोधकांना विचारा : वायू नेमका केव्हा तापला, आणि ते तुम्ही कधी सांगणार?